खर्ड्याच्या वाटेवरचे वकील : जनसंपर्क नावाच्या नोकरीचा जुना इतिहास (थ्रेड)

१/
इतिहासात एम. ए. करणाऱ्या प्रत्येकाला दिवाळीच्या फराळासोबत एक प्रश्न वाढला जातो : ‘आता पुढे काय?’ यंदा आमच्या मामांनी प्रश्नाबरोबर उत्तरही दिले. ‘पीआरओ हो. लिहायला लागते, बोलायला लागते, तुला दोन्ही येते.’ मी विचारले, तो माणूस दिवसभर नेमके काय करतो? मामा थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, ‘साहेबांचे नाव चांगले ठेवतो.’

२/
व्याख्या वाईट नाही, अपुरी आहे. जनसंपर्काच्या पाठ्यपुस्तकांत या व्यवसायाचा इतिहास बहुधा अमेरिकेतून सुरू होतो. १९०६ मध्ये कोळसा खाणींच्या संपात मालकांच्या बाजूने आयव्ही ली या माजी पत्रकाराने वृत्तपत्रांना आपल्या कामाची तत्त्वे लिहून पाठवली. पुढे एडवर्ड बर्नेजने १९२३ मध्ये या धंद्यावर पुस्तक लिहिले. भारतात १९५८ साली पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली आणि १९६८ च्या दिल्लीतील परिषदेची आठवण म्हणून २१ एप्रिल हा जनसंपर्क दिन पाळला जातो. एवढ्यावर प्रकरण संपते. पण हे काम आपल्याकडे त्याआधी फार काळ चालत होते आणि त्याचा एक मोठा प्रसंग माझ्या घरापासून एसटीने जाता येईल इतक्या अंतरावर घडला. आजचा थ्रेड त्यावर.

३/
आधी शब्द. आज ‘वकील’ म्हटले की काळा कोट डोळ्यांसमोर येतो. अठराव्या शतकात वकील म्हणजे एका दरबाराने दुसऱ्या दरबारात कायमचा ठेवलेला आपला माणूस. त्याच्याखेरीज अखबारनवीस असत. ते दरबारात घडलेले टिपून पाठवत. वकिलाचे काम त्याहून अवघड होते. त्याला ऐकायचे होते, बोलायचे होते, वेळ पडली तर गप्प बसायचे होते आणि या तिन्हींचा हिशेब घरी लिहून कळवायचा होता.

४/
या पत्रांचे मोल किती? एकच उदाहरण देते. १२ मे १६६६ रोजी आग्र्याच्या दरबारात शिवाजी महाराजांचा अपमान झाला आणि त्यांनी तो सहन केला नाही, हे आपण शाळेत शिकतो. त्या दिवसांचे सर्वांत जिवंत वर्णन मिळते ते आंबेरच्या राजपुतांच्या माणसांनी घरी पाठवलेल्या राजस्थानी पत्रांत. रामसिंहाच्या पदरचा परकालदास आपल्या वरिष्ठांना जे पाहिले, जे ऐकले ते कळवत होता. महाराजांविषयी त्याला वाटलेले कौतुकही त्यात उमटले आहे. बादशाहाचा अधिकृत इतिहास लिहिणाऱ्यांना ती मुभा नव्हती.

५/
आता खर्डा. आमच्या पाटोद्याहून जामखेडमार्गे तिकडे जाता येते. गाव आज अहिल्यानगर जिल्ह्यात आहे, पण बालाघाटाची रांग आणि उन्हाची जात तीच. मांजरा नदी आमच्याच तालुक्यातल्या डोंगरात उगम पावते आणि १७९५ साली निजाम अलीची फौज बिदरकडून याच मांजरेच्या काठाकाठाने वर आली होती. ११ मार्च १७९५ ला लढाई झाली. त्या रात्री निजामाच्या छावणीत गोंधळ माजला आणि खुद्द निजामाला खर्ड्याच्या गढीवजा किल्ल्यात आसरा घ्यावा लागला. मराठ्यांचे सगळे मोठे सरदार पेशव्याच्या झेंड्याखाली एकत्र लढले, असा तो शेवटचा प्रसंग मानतात.

६/
लढाईवर अनेकांनी लिहिले आहे. मला लढाईच्या आधीचे वर्ष जास्त खुणावते. भांडण होते चौथाई आणि घासदाण्याच्या थकबाकीचे, म्हणजे मुळात हिशेबाच्या वह्यांचे. हैदराबादेत पेशव्यांचे दोन वकील होते : गोविंदराव काळे आणि गोविंदराव पिंगळे. निजामाचा दिवाण होता गुलाम सय्यद खान, किताब मुशीर-उल-मुल्क; पुढे तो अरस्तू जाह म्हणून प्रसिद्ध झाला. अरस्तू म्हणजे ॲरिस्टॉटल. किताब देणाऱ्यांना विनयाचे वावडे असावे.

७/
पहिली गोष्ट या वकिलांच्या दिनक्रमाची. दरबारात जायचे. कोणाला सामोरे यायला कोण आले, बसायची जागा कुठे मिळाली, विडा कोणाच्या हातून मिळाला, वस्त्रे कोणत्या दर्जाची मिळाली, हे नीट पाहायचे. आपल्याला हे पोकळ मानपान वाटतात. त्या काळी तीच जाहीर निवेदने होती. पेशव्यांच्या वकिलाला दोन हात मागे बसवले, तर ती बातमी सायंकाळपर्यंत शहरभर, सावकारांच्या पेढ्यांवर आणि इंग्रजांच्या रेसिडेन्सीत पोचे. आणि बाजारात पेशव्यांच्या हुंडीकडे पाहण्याची नजर बदलू शके.

८/
दरबाराची भाषा फारसी; घरी लिहायचे मराठीत, मोडीत. म्हणजे वकील रोज दोन भाषांत आणि दोन स्वभावांत जगत असे. फारसीत तो गोड, मराठीत तो कोरडा. मोडी शिकताना मला या कोरडेपणाचा आधी कंटाळा आला होता. ‘विज्ञापना ऐशीजे’ झाले की अमुक तिथीस अमुक आले, अमुक बोलले, आम्ही अमुक उत्तर दिले. विशेषणे जवळजवळ नाहीत. नंतर लक्षात आले की ज्याला दिवसभर विशेषणे वापरावी लागतात, त्याला रात्री ती नको होत असतील.

९/
आता तो प्रसंग. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात तो दिला आहे. थकबाकीची बोलणी चालू असताना मुशीर-उल-मुल्काने भर दरबारात मागणी केली की हिशेब समजावून द्यायला नाना फडणीसांनी स्वतः हैदराबादेस यावे. वकिलांनी नम्रपणे सांगितले की नाना कामात गुंतलेले आहेत, ते कसे येणार? त्यावर दिवाणाचे उत्तर असे होते की कसे यायचे ते आम्हीच लवकर दाखवून देऊ.

१०/
गोष्ट एवढ्यावर थांबली नाही. डफ सांगतो की निजामाच्या गोटात पुण्याची उघड टर उडवली जात होती. पेशव्याला लंगोटी नेसवून, हाती पाण्याचे भांडे देऊन काशीला गंगेकाठी मंत्र पुटपुटत बसायला धाडू, अशा वल्गना चालल्या होत्या. सवाई माधवराव तेव्हा अवघ्या विशीचे होते.

डफ हा कंपनीचा अधिकारी होता, साताऱ्यास पोलिटिकल एजंट होता आणि घटनेनंतर तीस वर्षांनी लिहीत होता, हे ध्यानात ठेवावे. विजेत्या बाजूला पराभूताची घमेंड रंगवून सांगायला आवडते, हेही.

११/
तरी क्षणभर त्या दरबारात बसा. धन्याची टिंगल चालली आहे आणि तुम्ही धन्याचे तोंड म्हणून तिथे आहात. उठून गेलात, तर युद्ध तुम्ही पुकारलेत. हसलात, तर धनी हसण्यावारी गेला. संतापलात, तर समोरच्याला हवे तेच मिळाले. वकिलांनी जे केले त्याला मराठीत फार सुंदर शब्द नाही. त्यांनी ऐकून घेतले.

१२/
आणि खरी कसोटी त्यानंतरची. हे पुण्याला कळवायचे, पण किती? सगळेच कळवले तर नानांचा संताप आणि घाईचे युद्ध. सौम्य करून कळवले तर पुण्याला समोरच्याची खरी इच्छा कळणार नाही आणि तयारी अपुरी राहील. आजच्या भाषेत सांगायचे तर साहेबांवर झालेली सर्वांत बोचरी टीका कात्रणांच्या फायलीत वर लावायची की खाली? मामांच्या व्याख्येत ही बाजू येत नाही. साहेबांचे नाव बाहेर चांगले ठेवणे हा कामाचा अर्धा भाग. बाहेर नाव किती खराब आहे हे साहेबांना सांगणे हा उरलेला अर्धा भाग. आणि नोकरी बहुधा या दुसऱ्या भागात जाते.

१३/
पुण्याने युद्धाची तयारी केली, ती पूर्ण केली. याचा एक अर्थ असा की हैदराबादची बातमी तिथे पाणी न मिसळता पोचत होती. उलट मुशीर-उल-मुल्काचा अंदाज चुकला. महादजी शिंदे फेब्रुवारी १७९४ मध्ये वारल्यावर मराठे एकत्र येणार नाहीत, आणि वेळ पडलीच तर इंग्रज मदतीला येतील, असा त्याचा होरा दिसतो. गव्हर्नर जनरल सर जॉन शोअरने हात झटकले. मराठे एकत्र आले. दिवाणाला स्वतःचीच वल्गना खरी वाटू लागली होती.

१४/
गोविंदराव काळ्यांचे एक पत्र फार प्रसिद्ध आहे. महादजींनी बादशाहाकडून मिळवलेल्या मानमरातबांच्या निमित्ताने, १७९० च्या दशकारंभी, त्यांनी हैदराबादेहून नाना फडणीसांना ते लिहिले. त्यात अटकेपासून समुद्रापर्यंतच्या मुलखाचे वर्णन आहे, थोरल्या महाराजांपासूनच्या कर्तबगारीचा गौरव आहे. राष्ट्रभावनेचा पुरावा म्हणून ते शंभर वेळा उद्धृत झाले असेल. मला ते वाचताना दुसरीही एक गोष्ट दिसते : एरवी कोरडे लिहिणारा वकील आपल्या वरिष्ठाला लिहिताना इथे फुलला आहे. महादजी आणि नाना यांच्यात पुण्यात चढाओढ चालू असताना महादजींच्या यशाचे श्रेय साऱ्या दौलतीच्या ओंजळीत घालणारे हे पत्र आहे. भावना खोटी होती असे मी म्हणत नाही. पण पत्र कोणी, कोणाला, कोणत्या आठवड्यात लिहिले हे न विचारता त्यातली वाक्ये भिंतीवर लावू नयेत.

१५/
महादजींचा विषय निघालाच आहे तर थोडे आडवळण. बीड शहरातल्या मन्सूरशाहांच्या दर्ग्याशी शिंदे घराण्याची श्रद्धा जोडलेली आहे, त्यामुळे ते आम्हांला थोडे आपले वाटतात. १७९२ च्या जूनमध्ये ते पुण्यात आले. उत्तरेचा हा सर्वाधिकारी दरबारात सगळ्या सरदारांच्या खाली बसला आणि काखेतल्या गाठोड्यातून पेशव्याचे नवे जोडे काढून म्हणाला की हा माझ्या वडिलांचा धंदा, तोच माझा; अशी हकीकत माल्कमने दिली आहे. बादशाही किताबांनी लोक बिचकले होते. त्यावर हा उतारा. ‘पाटील’ म्हणवून घेण्याचा त्यांचा आग्रहही त्याच जातीचा. जनसंपर्कात याहून स्वस्त आणि परिणामकारक वस्तू कोणी वापरली असेल, तर मला कळवा.

१६/
खर्ड्याचा तह काय झाला? परांड्यापासून तापीपर्यंतचा सरहद्दीचा पट्टा, त्यात दौलताबादचा किल्ला. तीन कोटी रुपये. आणि मुशीर-उल-मुल्काला पुण्याच्या हवाली करणे. ज्या दिवाणाने नानांना ओढून आणायची भाषा केली होती, तोच कैदी म्हणून पुण्याला गेला. मराठी मनाला ही शिक्षा फार समाधान देते. थ्रेड इथे संपवला असता तर लाइक जास्त मिळाले असते.

१७/
पण पुढे पाहा. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या सज्जातून पडून वारले. वारसाचा घोळ सुरू झाला. नाना, शिंदे, परशुरामभाऊ, बाजीराव यांच्या कारस्थानांत हा कैदी पुण्यात बसून सगळ्यांशी बोलत राहिला. प्रत्येकाला निजामाचा पाठिंबा हवा होता, आणि निजामाचा आवाज तो होता. १७९६ मध्ये तो सुटला. त्याच वर्षी ऑक्टोबरात महाडला झालेल्या करारात खर्ड्याला मिळवलेले मुलूख आणि पैसे पुष्कळ अंशी सोडून देण्याचे ठरले. रणांगणात गमावलेले त्याने कैदेत बसून, नुसत्या बोलण्यातून परत मिळवले. दरबारातली ती वल्गना करणारा आणि हा, एकच माणूस. १७९५ च्या पराभवाने त्याला ऐकायला शिकवले असावे, असा माझा तर्क.

१८/
हैदराबादेस परतून तो पुन्हा दिवाण झाला आणि १ सप्टेंबर १७९८ ला इंग्रजांशी तैनाती फौजेचा करार त्याच्याच काळात झाला. त्यानंतर वकिलांच्या बैठकीला अर्थ उरला नाही. इंग्रज रेसिडेंट हाच एकटा मोठा वकील उरला, आणि त्याला कोणी मागे बसवू शकत नव्हते.

१९/
मग वकील गेले कुठे? एक लंडनला गेला. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना कंपनीने १८३९ मध्ये कटाचे आरोप ठेवून गादीवरून काढले आणि काशीला पाठवले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले. काही महिन्यांसाठी गेलेला हा माणूस परतला १८५३ च्या अखेरीस. चौदा वर्षे!

२०/
त्यांनी तिथे काय केले, ते आजच्या कोणत्याही पीआर एजन्सीने वाचावे. दरबारच नव्हता, म्हणून त्यांनी तो शोधला. लेडनहॉल स्ट्रीटवरच्या ईस्ट इंडिया हाऊसमध्ये कंपनीच्या भागधारकांची सभा भरे. तिथे सातारचे प्रकरण पुनःपुन्हा उपस्थित करवले. गुलामगिरीविरोधी चळवळीचा प्रसिद्ध वक्ता जॉर्ज थॉम्पसन याने राजांची बाजू मांडली. पार्लमेंटात जोसेफ ह्यूम यांच्यासारख्या सभासदांपर्यंत प्रकरण नेले. इंग्रजीत पत्रके छापून वाटली. पैशाची ओढाताण कायम होती. ज्यांच्यासाठी गेले ते प्रतापसिंह १८४७ मध्ये काशीत वारले, १८४८ मध्ये सातारचे राज्यच खालसा झाले, तरी हा माणूस लंडनमध्ये पत्रके काढीत होता.

२१/
निकाल : पूर्ण अपयश. पण एक गोष्ट त्यांच्या हातून, त्यांना नको असलेल्या मार्गाने, घडली. या ओरड्यामुळे सातारा प्रकरणाची सरकारी कागदपत्रे पार्लमेंटपुढे छापली गेली. कंपनीचे अधिकारी आपसांत काय लिहीत होते, आरोप कसे जमवले गेले, हे आज आपण वाचू शकतो. १८५७ मध्ये साताऱ्यात उठावाचा कट उघडकीस आला. रंगो बापूजी निसटले आणि पुन्हा कधी सापडले नाहीत. त्यांचा मुलगा सीताराम फाशी गेला. चौदा वर्षे अर्ज, भाषणे आणि पत्रके लिहिणाऱ्या माणसाने शेवटी कोणता मार्ग धरला, हे पाहून मी वाचन थांबवून बराच वेळ बसले होते.

२२/
आता परत आपल्या मुलखात, १९४७–४८. बीड तेव्हा निजामाच्या राज्यातला जिल्हा. २९ नोव्हेंबर १९४७ ला जैसे थे करार झाला आणि पुढचे साडेनऊ महिने हैदराबाद आणि दिल्ली यांच्यात जे चालले त्यात फौजांइतकीच छापखान्यांची आणि रेडिओची धांदल होती. निजामाचे स्वतःचे रेडिओ केंद्र होते. दिल्लीतर्फे क. मा. मुन्शी हे एजंट जनरल म्हणून हैदराबादेत होते. जुन्या शब्दांत, वकील. लातूरचे वकील (हे काळ्या कोटाचे) कासिम रझवी यांची भाषणे अशी असत की त्यांना उत्तर द्यायला दिल्लीला फार कष्ट पडत नसत. ती जशीच्या तशी छापली की पुरे होई. १७९४ च्या वल्गनांची आठवण येते.

२३/
मे १९४८ मध्ये माउंटबॅटन यांनी निजामाची मनधरणी करायला एक माणूस पाठवला. तो मुत्सद्दी नव्हता, सेनानीही नव्हता. तो त्यांचा प्रेस अटॅशे ॲलन कॅम्पबेल-जॉन्सन होता. एका राज्याचे भवितव्य ठरत असताना पत्रकारांना सांभाळणारा अधिकारी निरोप घेऊन जातो, यातच काळ किती बदलला ते दिसते. हाच माणूस पुढे ब्रिटनमध्ये जनसंपर्क सल्लागार झाला आणि तिथल्या जनसंपर्क संस्थेचा अध्यक्षही. निजामाने अर्थातच ऐकले नाही.

२४/
दुसऱ्या बाजूला संस्थानातल्या लोकांचा जनसंपर्क चालला होता तो अत्यंत फाटक्या साधनांनी. स्वामी रामानंद तीर्थ आमच्या अंबाजोगाईत, तेव्हाच्या मोमिनाबादेत, शिक्षक होते. स्टेट काँग्रेसवर १९३८ मध्ये स्थापनेच्या वेळीच बंदी आली. आ. कृ. वाघमारे यांनी त्याच वर्षी ‘मराठवाडा’ हे साप्ताहिक पुण्यातून काढले. निजामाने त्यावर बंदी घातली की ते नवे नाव लावून पुन्हा येई. नाव टिकवण्याची धडपड हा ज्या धंद्याचा प्राण, त्यात नाव टाकून मजकूर टिकवणारा हा एकच माणूस मला माहीत आहे. आणि हैदराबादेत ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात विलीन होण्याच्या बाजूने लिहिले म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला. त्यांच्या पाठीशी कोणाचेही माहिती खाते नव्हते.

२५/
१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य सोलापूरसह अनेक बाजूंनी आत आले आणि पाच दिवसांत सगळे आटोपले. सैन्याच्या कागदांत नाव ‘ऑपरेशन पोलो’. जगाला सांगितलेले नाव ‘पोलीस ॲक्शन’. रणगाडे पोलिसांचे नसतात. पण हैदराबादने ऑगस्टमध्येच सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली होती. युद्ध म्हटले असते तर दोन देशांचा प्रश्न झाला असता, पोलीस म्हटले की घरातली बाब. आमच्या आजीच्या पिढीपर्यंत सगळे ‘पोलीस ॲक्शन’च म्हणत आले. १७ सप्टेंबरला निजाम रेडिओवर बोलला; त्या भाषणामागे मुन्शींचा हात होता, हे मुन्शींच्या आठवणींतच दिसते.

२६/
त्या काळाची अर्धीच बाजू सांगून थांबणे मला जमणार नाही. रझाकारांचे अत्याचार आमच्या घराघरांत सांगितले जातात, आणि ते खरे आहेत. कारवाईनंतर संस्थानात मुसलमान वस्त्यांवर जे झाले त्याची चौकशी करायला केंद्र सरकारनेच पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. तिचा अहवाल दशकानुदशके प्रसिद्ध झाला नाही. प्रेस नोट काढणे हे जसे जनसंपर्काचे काम, तसे न काढणे हेही.

२७/
आज प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा माहिती कार्यालय आहे, तसे बीडलाही आहे. माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाचे ते शेवटचे टोक. प्रेस नोट, मंत्र्यांचे दौरे, पत्रकारांची अधिस्वीकृती, जाहिरातींचे वाटप, ‘लोकराज्य’ मासिकासाठी मजकूर आणि रोजची कात्रणे. ज्यांना ही नोकरी करावीशी वाटते त्यांनी कात्रणांकडे नीट लक्ष द्यावे, असे मी सुचवेन. सगळ्या कामांत ते सर्वांत कंटाळवाणे दिसते. गोविंदराव रात्री बसून जे लिहीत, त्याचा वंशज तेच आहे. दुष्काळात टँकर कुठल्या वाडीला पोचला नाही, ही चार ओळींची बातमी साहेबांच्या टेबलावर वरच्या बाजूला ठेवणारा माणूस त्या कार्यालयात हवा असतो.

२८/
आता माझे. मागच्या वर्षी आमच्या भागातल्या एका संस्थेने (नाव नको) स्मरणिकेसाठी माझ्याकडून आपला इतिहास लिहून घेतला. मी जुन्या फायली पाहिल्या, माणसांशी बोलले. ऊसतोड टोळ्यांच्या मजुरीवरून एका हंगामात काम थांबले होते, त्यावर चार पाने लिहिली. एका मुकादमाने आणि दोन म्हाताऱ्या तोडणीवाल्या बायकांनी त्यासाठी मला दोन दुपारी दिल्या होत्या. छापून आले तेव्हा ती चार पाने नव्हती. मला कोणी रागावले नाही. ‘स्मरणिकेत शोभत नाही, ताई’ एवढेच सांगितले गेले, आणि मानधन वेळेवर मिळाले. मी ते घेतले.

२९/
आता त्याच संस्थेने विचारले आहे की कायमचे या. पद : जनसंपर्क अधिकारी. मामांना आनंद झाला आहे, आईला त्याहून जास्त. घरापासून वीस किलोमीटर, पगार महिन्याच्या महिन्याला. परकालदास पगारी होता, गोविंदराव पगारी होते, आणि आपल्याला जे कळते ते पुष्कळदा त्यांच्याच कागदांतून कळते, असे मी स्वतःला सांगून पाहिले. मग दुसरे मन म्हणते, ते कागद धन्यापर्यंत तरी पोचत होते.

३०/
म्हणून कालच्या बैठकीत मी एकच प्रश्न विचारला : रोजची कात्रणे कोण वाचते? समोरच्या गृहस्थांनी आधी सचिवांकडे पाहिले, मग म्हणाले की अजून तशी पद्धत नाही, तुम्ही आलात तर सुरू करू. मी येत्या सोमवारी कळवते म्हणाले. जाताना ती चार पाने पुन्हा छापून घेतली आहेत. सोमवारी पिशवीत राहतील. रविवारी खर्ड्याला जाणार आहे. किल्ल्याचे फोटो पुढच्या थ्रेडमध्ये टाकते, आणि कोणाकडे हैदराबादच्या वकिलातीचे अप्रकाशित मोडी कागद असतील तर जरूर कळवा, वाचून द्यायचे पैसे घेत नाही.